‘आम्ही’ आणि ‘आपण’ : रक्ताचा वारसा व साहित्याचा वारसा

बंगळूरच्या पूर्व भागातील इंदिरानगर ही वसाहत फार जुनी नव्हे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आखीव रस्ते पाडून, भूखंड वाटून ती वसविण्यात आली. संरक्षण खात्यातील आणि सार्वजनिक उद्योगांतील अधिकारी, सेवानिवृत्त लष्करी माणसे, बँकांतून व कारखान्यांतून बदलून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. तिच्या शेजारच्या डोमलूर गावात मात्र चोक्कनाथस्वामींचे मंदिर आहे आणि त्यावर तमिळ शिलालेख आहेत. कन्नड देशात तमिळ लेख, आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, मराठी, कोंकणी व हिंदी बोलणाऱ्यांची नवी वस्ती, असा हा भाषांचा शेजार आहे. या शेजारात एखाद्या घरातील मुलगी सुरेल गाऊ लागली, की मराठी शेजारीण सहज म्हणते, ‘रक्तातच आहे हो तिच्या!’ कन्नड गृहिणी त्याच गुणाला ‘रक्तगत’ म्हणते. त्यांची महाविद्यालयात शिकणारी मुले ‘जीन्समध्येच आहे’ असे म्हणतात. शब्द बदलले तरी कल्पना एकच राहिली आहे. माणसाचे गुण, त्याची वृत्ती आणि त्याची अभिरुची त्याच्या पूर्वजांच्या रक्तातून जशीच्या तशी उतरते, ही ती कल्पना होय.

दिवाणखान्यातील संभाषणात ही कल्पना निरुपद्रवी ठरते. साहित्याच्या अभ्यासात ती शिरली, की मात्र तिचे परिणाम गंभीर होतात. आपल्या समीक्षेत ‘मराठी मनाचा पिंड’, ‘द्राविडी भावाकुलता’, ‘आर्य प्रतिभा’, ‘जातिवंत लेखणी’ असे शब्दप्रयोग दीर्घकाळ रूढ आहेत. त्यांतले काही केवळ अलंकार म्हणून येतात, हे मान्य करावयास हवे. परंतु अलंकार पुनःपुन्हा वापरला गेला, की तो हळूहळू स्पष्टीकरणाची जागा घेतो. दोन भाषांतील साहित्यांत साम्य आढळले तर त्यांचा वंश एक, आणि भेद आढळला तर वंश निराळे, असे सोपे गणित मग मांडले जाते. या गणिताला जीवशास्त्राचा आधार आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः गेल्या पन्नास-साठ वर्षांतील जीवशास्त्रीय संशोधनाने हा आधार काढून घेतला आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी या संशोधनाकडे केवळ विज्ञानवार्ता म्हणून न पाहता आपल्या परिभाषेची तपासणी करण्याची एक संधी म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. हर्बर्ट रिस्ली याने नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड वंशाशी जोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला पहिले समर्थ उत्तर देणाऱ्यांत मराठी भाषक विद्वान अग्रभागी होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने जातिसंस्थेवरील निबंध वाचला. जातीचे मूळ वंशभेदात नसून अंतर्विवाहाच्या निर्बंधात आहे, बहिर्विवाहाची जुनी चाल असलेल्या समाजावर हा निर्बंध लादला गेला आणि एका वर्गाने दारे मिटून घेताच इतरांनी त्याचे अनुकरण केले, असा त्या निबंधाचा आशय होता. पुढे १९३२ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये यांनी रिस्लीची मापे त्याच्याच पद्धतीने तपासली आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर जातीचा दर्जा व नाकाचे माप यांचा मेळ बसत नाही, असे दाखविले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मधील अस्पृश्यतेवरील ग्रंथात याच मापांचा आधार घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश निराळा मानता येत नाही, असे प्रतिपादन केले.

या परंपरेतील तिसरे नाव इरावती कर्वे यांचे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या विषमतेवर संशोधन करीत होत्या. कवटीच्या आकारातील असमानतेवरून युरोपीय वंशाची बौद्धिक श्रेष्ठता सिद्ध व्हावी, अशी त्या प्रयोगशाळेतील अपेक्षा होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि ही विषमता कोणत्याही एका वंशाची मिरास नाही, असा निष्कर्ष मांडला. गुरूच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा पुरावा गुरूपुढेच ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींचा मानवशास्त्रीय अभ्यास केला. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्या सहकार्याने १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची तुलना आहे. वर्ण एक, भाषा एक, दर्जा जवळजवळ एक. तरीही हे गट जैविकदृष्ट्या परस्परांहून लक्षणीय प्रमाणात भिन्न आढळले. एका मूळ समूहाच्या फांद्या होऊन या जाती निर्माण झाल्या, हे मत त्यांना मान्य नव्हते. निरनिराळ्या उगमांचे गट शेजारी येऊन एका नावाखाली वावरू लागले, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेव्हा ‘महाराष्ट्रीय ब्राह्मणांचे रक्त’ अशी एकजिनसी वस्तू शोधू जाणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

कवट्या, नाके आणि रक्तगट यांच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष जनुकसंहिता वाचण्याची साधने पुढे उपलब्ध झाली. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व कुमारसामी तंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइख यांच्या गटाने देशातील पंचवीस समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ सर्व समूह दोन प्राचीन लोकसमुदायांच्या मिश्रणातून घडले असून मिश्रणाचे प्रमाण तेवढे कमीअधिक आहे, असे त्यात आढळले. उत्तरेकडील म्हणून ओळखला गेलेला अंश कोठेही शंभर टक्के नव्हता. तो सुमारे ३९ ते ७१ टक्के यांच्या दरम्यान होता. २०१३ मध्ये प्रिया मूर्जानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मिश्रणाचा काळ काढला. आजपासून सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात हे मिश्रण व्यापक प्रमाणावर चालले होते, ते जवळजवळ सर्वांपर्यंत पोहोचले आणि त्यानंतर समूहांनी आपापली दारे मिटून घेतली. आधी सरमिसळ आणि मग अंतर्विवाह हा क्रम वाचताना १९१६ मधील त्या निबंधाचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. एका विद्यार्थ्याने समाजशास्त्रीय तर्काने जे मांडले, त्याला सुमारे शंभर वर्षांनी जनुकशास्त्राने दुजोरा दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

यातून निघणारा बोध नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. रक्त निराळे म्हणून चाली निराळ्या झाल्या, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात चाली निराळ्या ठेवल्या म्हणून रक्त निराळे होत गेले. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांच्या अभ्यासातून दिसून आले, की त्यांतील अनेक गट अगदी थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आहेत आणि शतकानुशतकांच्या अंतर्विवाहामुळे विशिष्ट अप्रभावी आनुवंशिक रोगांचा धोका त्यांच्यात वाढलेला आहे. विवाहाचा नियम कोणत्याही जनुकात लिहिलेला नव्हता. तो माणसांनी केला, पाळला आणि मुलांना शिकविला. त्या नियमाची नोंद मात्र शरीरात उमटली. येथे संस्कृती कारण आहे आणि जीवशास्त्र कार्य आहे. वारशाचा विचार करताना कार्यकारणभावाची ही दिशा ध्यानात ठेवली नाही, तर माणसाने घातलेली कुंपणे निसर्गाने घातली असे समजण्याची चूक आपण करून बसतो.

येथवर प्रश्न पूर्वजांचा झाला. परंतु रक्ताच्या कल्पनेचा दुसरा आधार उपजत प्रवृत्ती हा आहे. मुंगीला वारूळ बांधण्यास कोणी शिकवीत नाही आणि सुगरणीला खोपा विणण्यास कोणी शिकवीत नाही. तसेच माणसाचे आपपरभावही जन्मजात असावेत, असे अनुमान सहज केले जाते. या अनुमानाची परीक्षा बंगळुरातच एका अत्यंत सामान्य जीवावर झालेली आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, सज्जाखाली कागदासारखे लहानसे पोळे करून राहणारी गांधीलमाशी दक्षिण भारतातील घरांना अपरिचित नाही. तिची रोपॅलिडिया मार्जिनाटा ही जाती भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर व त्यांचे सहकारी यांनी अनेक दशके अभ्यासली. या माश्यांत राणी आणि कामकरी यांच्या शरीररचनेत फरक नसतो. कोणतीही मादी अंडी घालू शकते. तथापि बहुतेक जणी स्वतःची प्रजा निर्माण करण्याऐवजी दुसरीची पिल्ले वाढवितात. राणी काढून घेतली, की कामकऱ्यांपैकी एक मादी एकाएकी आक्रमक होते आणि काही दिवसांतच राणीपद घेते.

हा त्याग रक्तासाठी आहे काय? विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार सख्ख्या नात्यातील जीवांना मदत करणे हे स्वतःचीच जनुके पुढे पाठविण्यासारखे असते. माश्यांच्या या गणात सख्ख्या बहिणींतील नात्याचे माप तीनचतुर्थांश इतके मोठे असल्यामुळे हे स्पष्टीकरण विशेष आकर्षक ठरले. परंतु बंगळुरातील संशोधनात असे आढळले, की या जातीतील राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते आणि पोळ्यातील राण्याही एकीमागून एक बदलतात. परिणामी एका पोळ्यात मावशा, भाच्या आणि सावत्र बहिणी एकत्र नांदतात आणि नात्याचे सरासरी माप अर्ध्याच्याही खाली येते. म्हणजे केवळ जवळच्या रक्ताने या सहकार्याचा उलगडा होत नाही. मदतीचा लाभ, एकटीने पोळे उभारण्यातील धोका आणि अकाली मरणाची शक्यता हे सारे हिशेबात घ्यावे लागते.

त्याहूनही महत्त्वाचा शोध ओळखीचा आहे. ही माशी आपल्या पोळ्यातील माशीला ओळखते आणि परक्या माशीला हाकलते. ही ओळख उपजत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही माश्यांना कोषातून बाहेर पडताच पोळ्यापासून आणि सोबतिणींपासून दूर ठेवण्यात आले. अशा माश्यांना पुढे आपल्या आणि परक्या यांतील भेद करता आला नाही. ज्यांना काही काळ पोळ्याचा आणि काही सोबतिणींचा सहवास लाभला, त्यांना तो करता आला. म्हणजे आपल्या माणसाची खूण रक्तातून येत नाही. ती घराच्या वासातून, जन्मानंतरच्या पहिल्या सहवासात शिकली जाते. पुढील प्रयोगांत असेही दिसले, की अगदी कोवळ्या वयाच्या परक्या माशीला दुसऱ्या पोळ्यातही आसरा मिळतो आणि ती तेथील कामात सामील होते. वय वाढलेल्या परकीला मात्र तो मिळत नाही. शिकण्याची क्षमता उपजत आहे, शिकलेली गोष्ट उपजत नाही. मराठीत ‘घरचे वळण’ असा एक सुरेख शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ या माश्यांनी जणू प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखविला.

माश्यांवरून माणसाबद्दल सरळ अनुमान काढणे अर्थातच चुकीचे ठरेल. येथे केवळ एवढेच सुचवावयाचे आहे, की जेथे सर्व काही जन्मजात असेल अशी आपली खात्री होती, तेथेही घराचा वाटा आहे. माणसासाठी प्रत्यक्ष माणसाचाच पुरावा उपलब्ध आहे आणि तो भारतीय भाषांच्या अभ्यासकांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांच्याशी संबंधित ध्वनी ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना त्यांतील फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बालकांना तो कळेनासा झाला होता. हिंदी ऐकत वाढणाऱ्या मुलांची ही क्षमता मात्र टिकून होती. मूर्धन्य ध्वनी ऐकण्याची शक्ती जगातील कोणत्याही बाळाच्या कानात आहे. ती ठेवायची की घालवायची हे घरातील बोली ठरविते. तात्पर्य, उपजत आहे ते सर्वांचे आहे आणि भेद आहेत ते शिकलेले आहेत. ‘मराठी मन’ जन्मतःच मराठी असते, या समजुतीची उलटी बाजू येथे उघड होते. जन्मतः ते कोणाचेही होऊ शकणारे मन असते.

हे मूर्धन्य ध्वनी भारतीय आर्य आणि द्राविड या दोन निराळ्या कुळांतील भाषांना समान आहेत. १९५६ मध्ये मरे एमेनो यांनी भारताला एक भाषिक क्षेत्र म्हटले, ते अशाच समान वैशिष्ट्यांच्या आधारे. कुळ निराळे आणि शेजार एक, अशा स्थितीत भाषा परस्परांपासून किती घेतात, याचे उत्तम उदाहरण सांगली जिल्ह्यातील कुपवाड हे आहे. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे कन्नड बोलणारे जैन, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे दलित व भूमिहीन मजूर आणि थोडे तेलुगू भाषक शतकानुशतके एकत्र राहत होते. प्रत्येक समूहाची घरातील भाषा निराळी राहिली, आणि विवाहाची बंधनेही कायम राहिली. पण त्यांच्या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतील वाक्य शब्दागणिक दुसरीत ठेवता यावे. ‘नदी’ हा प्रमाण मराठीत व उर्दूत स्त्रीलिंगी असलेला शब्द कुपवाडच्या बोलींत कन्नडप्रमाणे मनुष्येतर वस्तू म्हणून वागू लागला. येथे रक्त मिसळले नाही आणि शब्दभांडारही पुष्कळ अंशी आपापले राहिले, परंतु व्याकरण मिसळले. बाजारात, शेतात, पाणवठ्यावर रोज एकमेकांशी बोलण्यातून जो वारसा उत्पन्न झाला, त्याची नोंद कोणत्याही वंशवृक्षात सापडणार नाही.

साहित्याचा इतिहास तर अशा उदाहरणांनी भरलेला आहे. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ होते. थोरले हिंदी कवितेचे एक युगकर्ते कवी ठरले. धाकटे मराठीतील महत्त्वाचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक ठरले. पूर्वज एक, घर एक. तरी दोन साहित्यांना दोन लेखक लाभले, कारण भाषेची निवड रक्ताने केली नव्हती. दत्तात्रय रामचंद्र बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या घरात तमिळ होती आणि कन्नड कथेचे ते जनक मानले गेले. गिरीश कार्नाड यांची मातृभाषा कोंकणी आणि नाटकाची भाषा कन्नड. काका कालेलकर मराठी घरात वाढले आणि गुजराती गद्याचे मानकरी झाले. हे अपवाद आहेत असे म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही. ज्यांच्यावाचून कन्नड, हिंदी वा गुजराती साहित्याचा इतिहास लिहिताच येत नाही, त्यांना अपवाद ठरविणारा नियम नियमच राहत नाही.

यावर दोन प्रकारचे आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा, की साहित्याच्या अभ्यासकाने जीवशास्त्राच्या दारात जावेच कशाला? कविता जनुकांनी उलगडत नाही, हे तर आधीच ठाऊक आहे. हा आक्षेप वरवर स्वाभिमानी दिसतो. परंतु ‘पिंड’, ‘वंश’, ‘रक्त’, ‘उपजत प्रतिभा’ हे शब्द आपण जीवशास्त्राकडूनच उसने घेतले आहेत, याचे त्याला विस्मरण होते. उसनवार केल्यावर धनकोचा हिशेब पाहण्याचे टाळणे प्रामाणिकपणाचे नव्हे. शिवाय जीवशास्त्र सर्वस्वी नाकारणेही सयुक्तिक नाही. भाषा शिकण्याची क्षमता, लयीचा कान, आईचा आवाज ओळखण्याची नवजात बालकाची शक्ती, भीती व वात्सल्य हे सर्व मानवजातीचे समान भांडवल आहे. अंगाई आणि शोकगीत सर्वत्र का आढळतात, याचा विचार या भांडवलावाचून होणार नाही. एकाच घरातील भावंडांच्या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हेही नाकारण्याचे कारण नाही. नाकारावयाचे आहे ते एवढेच, की हा वाटा भाषांच्या वा जातींच्या सीमांप्रमाणे विभागलेला आहे आणि त्यातून साहित्यांचे स्वभाव ठरतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज जनुकशास्त्राचा आधार घेऊन वंशवाद मोडून काढला, तर उद्या दुसऱ्या कोणी त्याच शास्त्राचा आधार घेऊन तो पुन्हा उभा करील. तेव्हा समानतेसाठी विज्ञानावर विसंबणे धोक्याचे आहे. या आक्षेपात तथ्य आहे. २०१९ मध्ये राखीगढी येथील प्राचीन सांगाड्याच्या जनुकसंहितेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याचे एक प्रमुख लेखक होते. त्या स्त्रीच्या जनुकसंहितेत स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही; त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या व्यापक अभ्यासाने हा अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात आल्याचे दाखविले. दोन्ही निबंध परस्परपूरक होते. परंतु वृत्तपत्री वादात प्रत्येक पक्षाने आपापला विजय जाहीर केला. म्हणूनच माणसांची समान प्रतिष्ठा ही प्रयोगशाळेच्या निकालावर अवलंबून ठेवता कामा नये. ती नीतीची गोष्ट आहे. विज्ञानाने करावयाचे काम मर्यादित आहे: जे खोटे दाखले निसर्गाच्या नावाने दिले जातात, ते खोटे आहेत एवढे त्याने सांगावे. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये नेमके हेच केले. आणि मोजमापांत आयुष्य घालविलेल्या याच विदुषीने ‘युगान्त’ लिहिताना महाभारतातील माणसांचा उलगडा त्यांच्या रक्तावरून केला नाही; तो नात्यांच्या नियमांवरून, परिस्थितीवरून आणि त्यांनी केलेल्या निवडींवरून केला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

महाभारताचा उल्लेख येथे केवळ प्रसंगाने आलेला नाही. कुरुवंशाची ही कथा असे आपण म्हणतो. परंतु विचित्रवीर्यानंतर त्या वंशात कुरूंचे रक्त उरत नाही. धृतराष्ट्र आणि पांडू हे व्यासांचे पुत्र आहेत, आणि पांडव हे पांडूचे औरस नव्हेत. तरीही कुल चालू राहते, कारण कुल म्हणजे नाव, धर्म, स्मृती आणि स्वीकार. कर्ण जन्माने कौंतेय आहे. कृष्णाने जन्माचे रहस्य सांगितल्यावरही तो अधिरथ आणि राधा यांनाच आपले मायबाप मानतो. जन्माचा आणि घराचा वारसा यांतील हा ताण आपल्या परंपरेने दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखला होता आणि त्याचे सोपे उत्तर देण्याचे टाळले होते.

तेव्हा भारतीय साहित्यांच्या तुलनात्मक अभ्यासाने आपल्या प्रश्नांची मांडणी बदलावयास हवी. अमुक वैशिष्ट्य कोणत्या वंशाचे, असे न विचारता ते कोणत्या शेजारातून, कोणत्या बाजारातून, कोणत्या दरबारातून व कोणत्या वारीतून आले, असे विचारावे लागेल. बंगळूर हेच याचे उदाहरण आहे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताबरोबरच अनेक देशी भाषांतील रचना आहेत. एका मराठी सरदाराच्या सभेत कन्नड देशात इतक्या भाषांची कविता ऐकली जात होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध करून मराठी वाचकांवर उपकार केले. पण तो वाचला गेला तो प्रामुख्याने भोसल्यांच्या कुळाचा व क्षत्रियत्वाचा पुरावा म्हणून. भाषांच्या त्या मेळ्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. कुळाच्या शोधात शेजार नजरेआड होतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. कन्नडला २००८ मध्ये आणि मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु प्राचीनतेचा अभिमान जर पुन्हा शुद्धतेच्या शोधाकडे वळला, तर हा दर्जा अभ्यासाला उपकारक न ठरता अडसर ठरेल.

मराठी भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हटले, की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले, की तो आत येतो. संस्कृतात हा भेद नाही, प्रमाण हिंदीत नाही, शेजारच्या आजच्या कन्नडातही नाही. तमिळमध्ये मात्र आहे, आणि तेलुगूतही आहे. आर्यकुळातील मानलेल्या या भाषेने आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या सर्वनामांची विभागणी द्राविड शेजाऱ्यांच्या धर्तीवर केली आहे. डोमलूरच्या मंदिरावरील तमिळ लेख आणि इंदिरानगरातील मराठी घर यांच्यामधील वारसा शोधावयाचा तर तो येथे आहे, रक्ताच्या थेंबात नाही. साहित्याचे इतिहास बहुधा ‘आम्ही’ने लिहिले गेले. ज्या भाषेला ‘आपण’ हा शब्द शेजारधर्माने मिळाला, त्या भाषेच्या अभ्यासकांनी तरी पुढचा इतिहास त्या शब्दाने आरंभावा.